वरच्या मजल्यावरचा चैत्र

माझ्या खिडकीला चिकटून एक पत्र्याचा पाइप वर गच्चीपर्यंत जातो. चौकोनी, जाडजूड, ऊन पडायच्या आधीच तापणारा. खाली कॉफीचं दुकान आहे. त्यांच्या भटारखान्याची गरम हवा या पाइपातून वर निघते आणि जाता जाता माझ्या खोलीत डोकावते. दालचिनी, करपवलेली साखर, लोणी. सकाळी तोच वास, दुपारी तोच, दुकान बंद झाल्यावरही भिंतीत मुरलेला तोच. खाली अण्णाचं हॉटेल होतं तेव्हा मला वासावरून वेळ कळायची. इडलीची वाफ आली म्हणजे पोरं शाळेला निघाली. सांबाराला फोडणी बसली म्हणजे मार्केटातले माथाडी जेवायला येणार. भज्यांचा कांदा तेलात पडला म्हणजे दिवेलागण. आता दिवसभर एकच वेळ असते.

म्हणून यंदा चैत्र आला तो मला वासानं कळला नाही, कानानं कळला. देवळामागं पोरं जाळ करून ढोल तापवत होती. मधेच एखादी थाप पडायची, पुन्हा शांत.

बायको म्हणाली, ‘‘आयकलं का? ढोल काढले.’’

मी म्हणालो, ‘‘कान आहेत मला.’’

  यंदाच्या पालखीचं काय करायचं, हे आम्हा दोघांच्या मध्ये होळीपासून पडून होतं आणि त्याला कोणी हात लावत नव्हतं.

आमचं गाव म्हणजे सानपाड्यातलं जुनं गाव. नवीन माणूस स्टेशनकडून येतो आणि विचारतो, इथं गाव कुठं आहे. अरे बाबा, तू उभा आहेस तेच गाव. पण त्याचा दोष नाही. गल्लीच्या तोंडापासून चालायला लागलं तर आधी मोमो, मग नखं रंगवायचं दुकान, मग कुत्र्यांचे केस कापायचं, मग शोर्मा, मग केक, मग पुन्हा मोमो. ज्यांच्या ओट्यांवर लहानपणी गोट्या खेळलो त्यांची नावं आता फक्त लाइटबिलावर आहेत. पूर्वी एखादं दुकान बंद पडलं तर लोक हळहळायचे, कुणाचं काय झालं विचारायचे. आता हळहळायला वेळच मिळत नाही. शटर पडतं, त्याच्यावर आतून काळा कागद लागतो, काही दिवस करवतीचा आवाज येतो आणि कागद निघतो तेव्हा नवीन बोर्ड, नवीन माणसं, नवीन भाडं. तो आकडा संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतो आणि सगळ्या घरांतली पोरं आपापल्या बापाकडं बघायला लागतात. त्यानं एवढं घेतलं, मग आपण का नाही.

मी मालक आहे. हे सांगायला मला लाज नाही आणि कोणाची भीतीही नाही. घर माझ्या नावावर, पाणीपट्टी माझ्या नावावर. माझ्या बापानं इथं कुडाच्या भिंती उभ्या केल्या, मी विटांच्या केल्या, माझ्या पोरानं त्यावर मजले चढवले. एवढं सगळं माझं आहे आणि तरीही माझ्याच ओटीवर घडीभर बसायचं भाडं मला परवडत नाही. माझ्याच काय, आमच्या घरातल्या कोणालाच परवडत नाही. जे कोणी कॉफी पिणारे येतात त्यांना परवडतं.

ओटी म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. घराच्या पुढची, रस्त्याला लागलेली, वरून छप्पर आणि बाजूनं मोकळी जागा. आमची ओटी दोन पायऱ्या उंच होती. उन्हाळ्यात तिथं जाळी सुकायची, सुकट सुकायची आणि आम्ही माणसंही सुकायचो, कारण चैत्र म्हणजे मिठाचा महिना. खाडीचं पाणी बांधावरून आत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि लाकडी फळीनं मीठ ओढत ओढत कडेला आणायचं. मीठ ओढण्याचा एक आवाज असतो. कोणी बारीक वाळू चावतंय असा. दिवसभर तो आवाज आणि पांढरा उजेड. घरी आलं की थोडा वेळ काहीच दिसायचं नाही. बायको ओटीवरच पाण्याचा हंडा ठेवायची. टाचांना भेगा पडलेल्या असायच्या, त्यात मीठ बसलेलं. पहिलं पाणी पडलं की माणूस दातओठ खाऊन गप्प बसायचा, दुसऱ्या पाण्याला सुस्कारा टाकायचा.

याच महिन्यात गावदेवीची पालखी निघते. त्या दिवशी मिठाच्या आगरात कोणी उतरत नाही. पालखी घरोघर जाते, पण घरात शिरत नाही. उंबऱ्यापर्यंत येते, तिथं टेकते. घरातली बाई पालखी धरणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालते, देवीची ओटी भरते, पुरुष उंबऱ्यावर नारळ फोडतो. मग पालखी उठते. पालखीला खांदा देणारे सगळे मिठातलेच असायचे. बायको त्यांच्या पायांवर कोमट पाणी घालायची आणि ते दणकट बाप्ये लहान पोरांसारखे डोळे मिटून घ्यायचे. ती नवीन लग्न होऊन आली तेव्हा तिला हे माहीत नव्हतं. तिनं थंड पाणी घातलं. एक जण कळवळून म्हणाला, ‘‘वैनी, देवीच्या नावानं मारतेस का काय.’’ तिला अजून कोणी ना कोणी त्याची आठवण करून देतं.

दोन गोष्टी आमच्याकडं पक्क्या होत्या. कोणी लिहून ठेवल्या नव्हत्या, पण लहान पोरालाही माहीत होत्या. एक म्हणजे ज्याचं घर आहे त्यानं देवीला आपल्या उंबऱ्यावर घ्यायचं. रस्त्यावर ताट घेऊन उभं राहायचं ते बाहेरून आलेल्यांनी, भाड्यानं राहणाऱ्यांनी. त्यात त्यांचा अपमान नव्हता, त्यांना इथं उंबरा नव्हता एवढंच. दुसरी म्हणजे देवीला वरून बघायचं नाही. पालखी खालून जाताना माडीवर कोणी थांबत नसे. म्हातारी माणसं असोत, बाळंतीण असो, सगळे खाली येत. घरं कौलारू होती तेव्हा हा नियम पाळणं सोपं होतं. वर होतंच काय.

मग वर सगळं झालं. आगर सरकारच्या कागदात गेलं. माझ्या बापानं त्या कागदावर अंगठा दिला. त्याला वाचून दाखवलं होतं, तो नाही म्हणाला नाही. पण घरी आला आणि दिवसभर अंगठा धोतराला पुसत बसला. शाई जाईना. मला म्हणाला, ‘‘तू तरी सही शीक.’’ मी तेव्हा चांगला बाप्या झालो होतो. चौथीत शाळा सोडलेली, अक्षरं विसरत चाललेली. दुसऱ्या दिवसापासून पाटी घेऊन नाव गिरवायला बसलो. माझं नाव लांब आहे, बापाचं त्याहून लांब. आजही सही करतो तेव्हा पूर्ण करतो, आडनावासकट. बँकेतली पोरगी म्हणते, आजोबा, शॉर्ट सही चालेल. मी म्हणतो, तुला चालेल, मला नाही.

ओटी पहिल्यांदा भाड्यानं दिली ती अण्णाला. उडुपीकडचा माणूस, कपाळाला भस्म, मराठी बोलताना प्रत्येक वाक्याला हेल काढायचा. ओटी आणि मागची खोली मिळून त्यानं हॉटेल केलं. पण सागाचा उंबरा त्यानं काढला नाही. फरशी बसवणारा म्हणाला, हा मधे येतो. अण्णा म्हणाला, ‘‘येऊ दे की. त्याला अडखळून माणूस आत येतो, हे बरं आहे.’’ पालखीच्या दिवशी तो दुपारपासून गिऱ्हाईक घेत नसे. टेबलं मागं लावायचा, फरशी धुवायचा, स्वतः अंघोळ करून बाजूला उभा राहायचा. आम्ही नारळ फोडला की मग त्याचा. दरवर्षी म्हणायचा, ‘‘शेठ, तुमची देवी माझ्याकडं चहाला आली.’’ मला शेठ म्हणणारा तो एकटाच. त्यामुळं घराचा खालचा मजला गेला, असं मला इतकी वर्षं कधी वाटलंच नाही. मी सकाळी खाली उतरायचो, दारातल्या खुर्चीत बसायचो, चहा यायचा. ओटीच होती ती. फक्त तिथं डोसा मिळायचा.

गेल्या वर्षी होळीला अण्णा जागा सोडून गेला. दिनेशनं, माझ्या पोरानं, त्याला गल्लीतला नवीन भाव सांगितला. अण्णा वर आला, माझ्या खाटेवर बसला, इकडचं तिकडचं बोलला. त्याच्या मुलानं तळवलीला छोटी जागा बघितली होती. भाड्याचं त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. उठताना म्हणाला, ‘‘शेठ, गुडघ्याला तेल लावत जा.’’

दिनेश वाईट नाही. हे मजले त्यानं कर्ज काढून चढवले. लोक समजतात इमारत सिमेंटवर उभी आहे. आमची भाड्यावर उभी आहे. खालचं दुकान एक महिना रिकामं राहिलं तर वरच्या प्रत्येक मजल्यावर भांडण होतं, हे मी ऐकतो, भिंती पातळ आहेत.

मग कॉफीची कंपनी आली. कंपनीकडून श्वेता नावाची मुलगी यायची. साताऱ्याकडची, चांगली, पाया पडणारी. करार नोंदवायला एक एजंट घरी आला. लॅपटॉप उघडला, त्याला लाल उजेडाची डबी जोडली.

‘‘काका, इथं अंगठा ठेवा.’’

‘‘सही कुठं करायची?’’

‘‘सही नाही लागत आता. सगळे अंगठाच देतात. डॉक्टर देतात, वकील देतात.’’

‘‘मग शिकले कशाला?’’

श्वेता हसली. दिनेश हसला नाही. मी डबीकडं हात नेला नाही. म्हणालो, माझी एक अट आहे. चैत्रात पालखीच्या संध्याकाळी दार माझं. टेबलं बाजूला, देवी उंबऱ्यावर टेकणार.

श्वेता म्हणाली, ‘‘काका, घर तुमचंच आहे. आम्ही नक्की दार उघडं ठेवू.’’

‘‘मग तसं लिहा.’’

‘‘ते नाही लिहिता येत हो. ड्राफ्ट वरून येतो.’’

‘‘वरून म्हणजे?’’

‘‘हेड ऑफिस.’’

‘‘मी पण वरच राहतो,’’ मी म्हणालो.

त्या दिवशी मी अंगठा दिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दिनेश जेवताना म्हणाला, ‘‘बाबा, बँक थांबते का पालखीसाठी? काय टेन्शन देताय?’’ सूनबाईच्या हातून माझ्या चहात साखर कमी होत चालली. शेवटी बायकोनं तोंड उघडलं. ती भांडण करत नाही, कांदा चिरता चिरता एकच वाक्य बोलते.

‘‘देवीचं काय, ती कुठं पन येल. दार तुमालाच पायजे.’’

मला राग आला. राग आला म्हणजे खरं होतं. पण खरं असलं म्हणून मागं घ्यायचं असतं का. मी नाही घेतलं.

अशात गेल्या चैत्रातला पालखीचा दिवस आला आणि दुकान रिकामं. अण्णा गेलेला, कंपनी आलेली नाही. चावी माझ्या उशीखाली. मी खाली उतरलो, शटर वर केलं. आत टेबलांच्या पायांचे डाग, भिंतीवर देवाच्या तसबिरीएवढा एक स्वच्छ चौकोन, फरशीला जुन्या तेलाचा चिकटपणा. बायकोनं पदर खोचला आणि सगळी फरशी चुलीतल्या राखेनं घासतात तशी घासली. उंबऱ्याला हळद लावली. मी दारात खुर्ची टाकून बसलो. कितीतरी वर्षांनी ती जागा माझी होती, कोणाची मेहरबानी नव्हती. समोरून माणसं जात होती. एक जण थांबला, मोटारसायकल चालूच, विचारतो, ‘‘अंकल, ये गाला किसका है? देना है क्या?’’ थोड्या वेळानं दुसरा. मी मांडीवर थाप मारून सांगितलं, ‘‘नहीं देना है.’’ ते म्हणताना जे सुख झालं ते मी कोणाला सांगितलं नाही, इथंच सांगतोय.

संध्याकाळी पालखी आली. टेकली. नारळ एका घावात फुटला. आणि मग मला रस्त्यावर, भाडोत्र्यांच्या रांगेत, अण्णा दिसला. तळवलीहून आला होता, धुतलेला पांढरा शर्ट, हातात नारळ. चप्पल काढून उभा होता, पण पुढं येत नव्हता. ज्या दारात त्यानं इतकी वर्षं गल्ला सांभाळला त्या दाराकडं बघत होता.

मी म्हणालो, ‘‘अण्णा, आत ये.’’

तो म्हणाला, ‘‘येऊ का शेठ? आता माझं काही नाही इथं.’’

आत आला, उंबऱ्याला अडखळला. नारळ फोडला, पण चहाला आली हे वाक्य काही बोलला नाही.

पालखी गेल्यावर मी एकटाच त्या रिकाम्या खोलीत बसून राहिलो. दिवा होता, हळद होती आणि वरून, माझ्याच घरातून, दिनेशचा फोनवरचा आवाज येत होता. कोणाला तरी आठ दिवस थांबा म्हणत होता. विनवणीचा आवाज होता तो. माझा पोरगा असा बोलतो हे मला माहीत नव्हतं. मला तेव्हा समजलं की दार माझं झालंय ते रिकामं आहे म्हणून. आणि रिकामं ठेवून आम्ही जगू शकत नाही. भरलं की ते माझं नाही. यातून तिसरी वाट मी त्या खुर्चीत बसून खूप शोधली.

सकाळी मीच म्हणालो, ‘‘बोलव तुझ्या एजंटाला.’’

आणि बघा, अंगठा लागेना. डबीवर ठेवला, लाल उजेड आला, गेला. पुसून ठेवा. ओला करून ठेवा. दाबून ठेवा. एजंट बोटं बघून म्हणाला, ‘‘काका, रेषाच नाहीत.’’ मी म्हणालो, ‘‘मिठानं खाल्ल्या.’’ तो म्हणाला, वयानं होतं. असेल. दिनेश माझ्याकडं संशयानं बघत होता.

‘‘बाबा, मुद्दाम करताय ना?’’

‘‘तूच दाब.’’

त्यानं माझा अंगठा आपल्या दोन्ही हातांत धरून दाबला. बायकोनं खोबरेल आणलं, चोळलं. दहाही बोटं झाली. मी द्यायला तयार होतो आणि माझ्याकडं द्यायला काही नव्हतं. मला हसू यायला लागलं, बाकीच्यांना नाही. शेवटी एजंट दुसऱ्या दिवशी डोळ्याचं मशीन घेऊन आला. दुर्बिणीसारखं डोळ्याला लावायचं. म्हणाला, काका, डोळा मोठा करा, पापणी हलवू नका. मी नाही हलवली. मिठाच्या उजेडात दिवस काढलेला डोळा आहे, त्याला काय होतंय. टिंग असा आवाज झाला आणि काम झालं.

बापानं अंगठा दिला होता. मी डोळा दिला.

मग काळा कागद लागला. करवती, ड्रिल, हातोडे. दुकानाची पुढची बाजू सगळी काच हवी होती, म्हणून पुढचा जिना गेला आणि घराच्या मागं, दोन इमारतींच्या मधल्या घळीत, लोखंडी जिना लागला. तिथं एसीची यंत्रं रांगेत बसवलेली आहेत. गरम हवा तोंडावर येते, पाणी डोक्यावर गळतं. माझे गुडघे त्या जिन्याला घाबरतात. एक दिवस खालून लाकूड उखडल्याचा आवाज आला. सागाचं लाकूड सुटताना कसं ओरडतं ते मला माहीत आहे. उंबरा. मी उठलो, काठी घेतली, तो जिना उतरून घळीतून पुढं येईपर्यंत ढिगाऱ्याचा टेम्पो गल्लीच्या तोंडाला वळत होता. कंत्राटदार म्हणाला, ‘‘लेव्हल करायची होती बाबा. लोक अडखळतात.’’

त्यानंतर मी फारसा खाली उतरलो नाही. दवाखाना आणि एक-दोन मयती. मित्र म्हणायचे, खाली ये, नाक्यावर बसू. नाक्यावर आता बसायला जागा नाही, उभं राहून काहीतरी विकत घ्यावं लागतं. खाट, खिडकी, पाइप. खालून मिक्सरचा आवाज जमिनीतून तळपायांना लागतो. आम्ही खाडी ओळखणारी माणसं, भरती कधी, ओहोटी कधी हे अंगाला कळायचं. आता दूध फेसाळल्याचं अंगाला कळतं.

आणि यंदा पुन्हा चैत्र. श्वेताची बदली पुण्याला झाली. जाताना भेटायला आली होती, म्हणाली नवीन मॅनेजरला सांगून ठेवलंय. सांगितलंही असेल. मी त्याला विचारायला जाणार नव्हतो. माझ्या घराचं दार मी कोणाला मागू?

बायकोनं विचारलं. मला न सांगता, काल.

‘‘काय बोलला?’’

‘‘बोलला, आंटी, अंदर सिटिंग है, बाहर कर लो. पोरगा गोड हाय, पानी पन दिलं मला.’’

‘‘तू विचारलंसच का?’’

‘‘मग कोन विचारनार? तुमी का देवी?’’

आज दुपारपासून ती तयारी करत होती. ताट, हळद, नारळ, तांब्यात कोमट पाणी. दिनेश कामावरून लवकर आला. सूनबाईनं नऊवारी नेसली. सगळे जिन्याशी उभे.

‘‘चला,’’ बायको म्हणाली.

‘‘मी रस्त्यावर उभा राहणार नाही.’’

‘‘मग काय वरून बघनार?’’

‘‘देवीला वरून कोण बघतं?’’

‘‘मंग?’’

 ती थांबली नाही. लोखंडी जिन्यावर तिच्या पैंजणांचा आणि तांब्यातल्या पाण्याचा आवाज उतरत गेला.

मी खिडकी लावली. पडदा ओढला. पण खिडकी लावली तरी मी वरच होतो. देवी खालून जाणार आणि मी तिच्या डोक्यावर खाटेत बसणार. म्हणून खाटेवरून उतरून जमिनीवर बसलो. जमीन कसली, कॉफीच्या दुकानाचं छत. म्हातारपणी माणसाला घरात इतकंही खाली जाता येऊ नये. उभं राहावं तर वर, बसावं तर वर, आडवं पडावं तरी वरच. पाठ भिंतीला लावली तर भिंत पाइपामुळं गरम. ढोल जवळ आले तसे ते आधी पाइपात वाजायला लागले. पत्रा थरथरला, मग खिडकीची काच, मग पाण्याचा पेला. मी डोळे मिटून घेतले. आता येतील, आता जातील, मग उठू.

ढोल थांबले.

 मग गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, आधी एक, मग सगळे. आणि त्यातून बायकोचा आवाज, जन्मात ती रस्त्यात एवढ्या मोठ्यानं ओरडली नसेल.

‘‘अवो, या खाली. देवी थांबलीय.’’

मग बाळारामचा आवाज. माझ्या चुलतभावाचा मुलगा, पालखीचा पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर असतो. ‘‘काका आल्याबिगर पालखी हलनार नाय. वाजू दे त्यांना हॉर्न.’’

उंबरा नेणारा टेम्पो थांबला नव्हता. ही थांबली.

मी उठलो. काठी सापडेना, तशीच राहिली. जिना दोन्ही हातांनी धरून उतरलो. एसीचं पाणी मानेवर पडलं. घळीत कप धुणारा माणूस बादली घेऊन बसला होता, त्यानं मला बघून बादली ओढली. घळीच्या तोंडाशी आलो तेव्हा समोर सगळी गल्ली उभी. पालखी रस्त्याच्या मधोमध, तिच्या मागं डिलिव्हरीवाल्यांच्या मोटारसायकली, त्यांच्या मागं गाड्या, एवढ्या सगळ्यांना अडवून ही सात-आठ माणसं घामाघूम उभी होती. बायको पालखी धरणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालत होती. आताच्या पोरांच्या टाचा मऊ असतात, ऑफिसातल्या. कोणी डोळे मिटत नाही. तरी ती कोमटच पाणी घालते.

बाळाराम म्हणाला, ‘‘काय काका, देवीला वेटिंगला बसवलं.’’

मी म्हणालो, ‘‘माझ्या घरात जागा नव्हती.’’

 दिनेशनं माझ्या हातात नारळ दिला. फोडायला उंबरा नव्हता, त्यानं रस्त्याच्या कडेचा दगड आणून ठेवला. मी भाडोत्र्यांच्या रांगेत उभा राहिलो, शेजारी वरच्या मजल्यावरचा बिहारकडचा भाडेकरू बायकोसकट उभा होता, त्यानं सरकून मला जागा दिली. नारळ दुसऱ्या घावात फुटला. हात जोडले आणि मान वर केली, तेव्हा मी माझं घर रस्त्यावरून बघितलं. कधी बघितलं नव्हतं. मी नेहमी त्याच्या आतून बाहेर बघायचो.

दुकानात मंद पिवळा उजेड होता. बाहेर पालखीला पोरांनी लखलखीत दिवे बांधलेले. त्यामुळं त्या सगळ्या काचेत पालखीच दिसत होती. टेबलं, कप, माणसं मागं पुसट झाली होती आणि देवी आत होती. नेमकी तिथं, जिथं दोन पायऱ्या चढून ओटी होती, जिथं उंबरा होता. बायको तिची ओटी भरत होती, तीही आत. बाळाराम आत, दिनेश आत. मी बघत राहिलो. मागच्या रांगेत एक वाकलेला म्हातारा होता, ओल्या मानेचा, तोही आत.

मग आतल्या एका मुलीला मोबाईलमध्ये पालखी नीट येईना, म्हणून ती उठली आणि तिनं दार ढकललं. दाराबरोबर काच वळली, आणि काचेबरोबर पालखी बाजूला सरकत सरकत निघून गेली.